पाषाणातील नाद : प्रागैतिहासिक चित्रगुहा आणि प्राचीन संगीत

मानवाच्या प्राचीन जीवनाचा शोध घेताना पुरातत्त्वज्ञाच्या हाती ज्या वस्तू लागतात त्या बहुधा मुक्या असतात. दगडी हत्यारे, हाडांचे तुकडे, राखेचे थर, मडक्यांच्या खापऱ्या यांवरून त्या काळचा माणूस काय खात होता, कोठे राहत होता आणि शिकार कशी करीत होता हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. तो गात होता काय, आणि गात असल्यास कशाच्या साथीने, हे त्यांवरून कळत नाही. सूर उमटतो आणि विरतो. ज्या समाजाला लेखनकला अवगत नव्हती त्याच्या गाण्याचा मागमूस उरणे कठीणच. असे असूनही प्रागैतिहासिक संगीताविषयी आज जी माहिती उपलब्ध आहे तिचा मोठा भाग, ज्या डोंगरकपारींत आदिमानवाने चित्रे काढली किंवा कोरली त्याच ठिकाणांहून मिळालेला आहे. चित्र आणि संगीत यांच्या या शेजाराचा अर्थ काय, तो कितपत विश्वसनीय आहे, आणि हा पुरावा आज कोणत्या कारणांनी नष्ट होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काळाची चाळणी

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. ज्यात तात किंवा तार असते ते तत. ज्यावर कातडे मढविलेले असते ते अवनद्ध. जे फुंकून वाजते ते सुषिर. आणि आघात होताच ज्याचा घट्ट पदार्थ स्वतःच निनादतो ते घन. वीणा, मृदंग, बासरी आणि झांज ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे होत. हे वर्गीकरण ग्रंथबद्ध झाले त्याच्या हजारो वर्षे आधीच्या माणसाला ते ठाऊक असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु एखादे वाद्य मातीत गाडले गेल्यावर त्याचे काय होते, हे समजून घेण्यास त्याचा चांगला उपयोग होतो.

तत वाद्याची तात प्राण्याच्या आतड्याची किंवा वनस्पतीच्या तंतूची असे आणि तिचा दांडा लाकडी असे. दोन्ही कुजून जातात. अवनद्ध वाद्याचे कातडे वाळवी आणि ओलावा यांपुढे टिकत नाही. बांबूची बासरी तर एका पावसाळ्यात बुरसते. शिल्लक राहते ते हाड, हस्तिदंत, शंख-शिंपले आणि दगड. काळाच्या या चाळणीतून सुषिर वाद्यांपैकी काही आणि घन वाद्यांपैकी दगडी तेवढी खाली उतरतात. बाकीची वरच्या वर नाहीशी होतात. यामुळे, सापडलेली सर्वांत जुनी वाद्ये हाडाच्या बासऱ्या आहेत एवढ्यावरून माणसाने सर्वप्रथम बासरी वाजविली असे म्हणणे घाईचे ठरते. टाळी, मांडीवरील थाप, पायाचा ठेका आणि मानवी कंठ यांचा तर कोणताच अवशेष उरत नाही, आणि संगीताचा आरंभ त्यांपासूनच झाला असण्याचा संभव सर्वांत अधिक.

चित्रगुहांचे महत्त्व येथे लक्षात येते. जी वाद्ये चाळणीत नष्ट झाली त्यांची चित्रे भिंतीवर राहिली आहेत. शिवाय ज्या जागेत ती चित्रे आहेत ती जागा, तिचा दगड, तिची पोकळी आणि तिचा प्रतिध्वनी ही कमीअधिक प्रमाणात पूर्वीसारखीच राहिली आहेत. पहिला पुरावा डोळ्यांनी वाचावयाचा असतो, दुसरा कानांनी.

यूरोपातील गुहा : हाड, शंख आणि प्रतिध्वनी

वस्तुरूप पुराव्याच्या दृष्टीने दक्षिण जर्मनीतील होले फेल्स या गुहेचा उल्लेख प्रथम करावा लागतो. तेथे २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडापासून बनविलेली, पाच छिद्रे असलेली एक बासरी तुकड्यांच्या रूपात सापडली. तुकडे जुळविल्यावर तिची लांबी सुमारे २२ सेंटिमीटर भरली. तिचे वय सुमारे ४० हजार वर्षे मानले जाते. त्याच परिसरातील दुसऱ्या एका गुहेत हंसाच्या हाडाच्या आणि मॅमथ या केसाळ हत्तीच्या सुळ्यापासून घडविलेल्या बासऱ्या मिळाल्या आहेत. हस्तिदंत मधोमध उभा चिरून, दोन्ही अर्धे आतून कोरून, पुन्हा हवाबंद जोडणे हे काम कुशल कारागिराचेच होय. अशी बासरी बनविणाऱ्यापाठीमागे अनेक पिढ्यांचा सराव असला पाहिजे. होले फेल्स येथील बासरी ज्या थरात होती त्याच थरात, तिच्यापासून अवघ्या ७० सेंटिमीटर अंतरावर, हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीप्रतिमा मिळाली. मानवी आकृतीच्या सर्वांत जुन्या ज्ञात प्रतिमांत तिची गणना होते. मूर्तिकला आणि वाद्यकला त्या काळी एकाच चुलीभोवती नांदत होत्या, एवढे तरी या शेजारावरून म्हणता येईल.

फ्रान्समधील मार्सूला या चित्रगुहेतील शंखाची हकीकत याहून बोधप्रद आहे. हा सागरी शंख गुहेच्या तोंडाशी १९३१ साली सापडला आणि पाणी पिण्याचे पात्र असावे अशा समजुतीने तुलूझ येथील संग्रहालयात नव्वद वर्षे पडून राहिला. २०२१ साली त्याची पुन्हा बारकाईने तपासणी झाली तेव्हा त्याचे टोक हेतुपुरस्सर तोडलेले असल्याचे आढळले. फुंकण्याच्या जागेसाठी शंखाचे टोक कसे छाटतात हे ज्यांनी देवळातला शंख हाती घेऊन पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. शंखाच्या आत तांबड्या रंगाचे ठिपके होते, आणि गुहेच्या भिंतीवर गव्यासारख्या एका प्राण्याचे जे चित्र आहे तेही अशाच तांबड्या ठिपक्यांनी भरलेले आहे. एका व्यावसायिक वादकाने तो फुंकला असता एकमेकांच्या लगतचे तीन स्वर त्यातून निघाले. सुमारे १८ हजार वर्षांनंतर तो शंख पुन्हा बोलला. वाद्यावर आणि भिंतीवर एकाच पद्धतीने रंग लावलेला असल्यामुळे चित्र आणि नाद यांच्या संबंधाचा याहून सबळ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

उलट, फ्रान्समधीलच ‘त्रोआ फ्रेअर’ (तीन भाऊ) या गुहेतील एका आकृतीच्या बाबतीत सावधगिरी बाळगणे इष्ट होय. १९१४ साली तीन भावांनी शोधलेल्या या गुहेत गव्याचे मस्तक धारण केलेला एक मनुष्य कोरलेला असून त्याच्या तोंडाजवळ धनुष्यासारखी रेषा आहे. तो धनुष्याची दोरी वाजवीत आहे असे कित्येक ग्रंथांत छापले गेले. पण ती रेषा बासरीचीही असू शकते, किंवा वाद्याची नसूही शकते.

प्रतिध्वनीचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. ध्वनी आणि संगीत यांचे फ्रेंच अभ्यासक येगोर रेझ्निकोफ यांनी पुरातत्त्वज्ञ मिशेल दोव्हॉआ यांच्या सहकार्याने दक्षिण फ्रान्समधील काही चित्रगुहांत स्वतःच्या कंठाने स्वर लावून, कोणत्या जागी आवाज अधिक घुमतो याची नोंद केली. ती नोंद चित्रांच्या नकाशाशी ताडून पाहता, पुष्कळशी चित्रे अधिक निनादणाऱ्या जागीच आहेत असा निष्कर्ष त्यांनी १९८८ साली मांडला. जेथे चित्र काढण्याइतकी जागा नाही अशा अरुंद भुयारांत, आवाज घुमतो नेमक्या त्या ठिकाणी तांबडे ठिपके असल्याचेही त्यांना आढळले. मंदिराच्या गाभाऱ्यात उच्चारलेला ओंकार सभामंडपातल्यापेक्षा गंभीर का भासतो, हे जाणणाऱ्यास त्यांचा मुद्दा सहज पटण्याजोगा आहे. सहज पटते ते खरेच असते असे नाही. एखाद्या गुहेतील बहुतेक सर्व जागाच घुमणाऱ्या असल्या तर चित्र कोठेही काढले तरी ते घुमणाऱ्या जागीच येणार. हा आक्षेप लक्षात घेऊन उत्तर स्पेनमधील पाच गुहांत चित्रे असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या जागांची यंत्रांच्या साहाय्याने मोजणी करण्यात आली आणि तिचे फलित २०१७ साली प्रसिद्ध झाले. चित्रांचे स्थान आणि ध्वनीचे गुणधर्म यांत काही संबंध असल्याचे दिसले, परंतु तो क्षीण आहे, असे त्या अभ्यासकांनी स्पष्ट नमूद केले. रेझ्निकोफ यांचा मूळ सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरला नाही. तो आहे तेवढ्याच वजनाने मांडला पाहिजे, इतकेच.

भीमबेटका आणि पचमढी

भारतातील शैलचित्रांचा शोध यूरोपातील शोधापेक्षा आधीचा आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील चित्रे १८७९ साली उजेडात आली. त्याच्या बारा वर्षे आधी, १८६७–६८ मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाइल यांना मिर्झापूरच्या डोंगरांत शैलचित्रे आढळली होती. तथापि या विषयाला खरी चालना मिळाली ती मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या शोधाने. नीमच येथे जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी मानलेले मराठीभाषी संशोधक डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) हे १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे जात असता त्यांना डब्याच्या खिडकीतून विलक्षण आकाराचे खडक दिसले. ते उतरून तेथे गेले आणि भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवरील ती चित्रसृष्टी जगापुढे आली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनन केले, तर त्याच संस्थेत संशोधन करणारे चित्रकार यशोधर मठपाल यांनी चित्रांच्या काटेकोर प्रतिकृती तयार केल्या. २००३ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

भीमबेटकाच्या शैलाश्रयांत सामूहिक नृत्याची दृश्ये अनेक आहेत. हातात हात गुंफलेल्या किंवा एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवलेल्या आकृतींची रांग, सर्वांचे गुडघे एकाच बाजूस वाकलेले, आणि क्वचित शेजारी गळ्यात ढोल अडकविलेला वादक, अशी त्यांची ठेवण असते. गुडघे एकाच वेळी एकाच बाजूस वाकावयाचे तर सर्वांना ऐकू येणारा ठेका हवा. ज्या चित्रात वाद्य दाखविलेले नाही त्यातही लय दाखविलेली आहे ती अशी. चित्रकाराने आवाज काढला नाही, पण आवाजाचा शरीरावर झालेला परिणाम काढला. गोंड आणि कोरकू समाजांच्या आजच्या नृत्यांशी या रांगांचे साम्य पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. तेवढ्यावरून आजचे नृत्य दहा हजार वर्षांपूर्वीचेच आहे असे म्हणणे योग्य नव्हे. त्या समाजांनाही इतिहास आहे, आणि त्यांची कला जशीच्या तशी गोठून राहिलेली नाही.

पचमढीच्या परिसरातील महादेव डोंगररांगांत तत वाद्यांची चित्रे मिळतात. १९३० नंतरच्या काळात डी. एच. गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याने तेथील शैलाश्रयांचा अभ्यास केला. येथे धनुष्याकृती वीणा वाजविणारे वादक दिसतात. ही वीणा आजच्या सतारीसारखी किंवा रुद्रवीणेसारखी नव्हे. तिला पडदे नसतात. धनुष्याप्रमाणे वाकलेल्या दांड्याच्या एका टोकास पोकळ भांडे, आणि दांडा व भांडे यांच्यामध्ये ओळीने ताणलेल्या तारा. प्रत्येक तारेस एकच स्वर. शिकाऱ्याच्या धनुष्याची प्रत्यंचा सुटताच जो टणत्कार होतो त्यापासून अशा वाद्याची कल्पना सुचली असावी, हे अनुमान जुने आहे व ग्राह्य वाटते. भरहूत आणि साची येथील शिल्पांत हीच वीणा आहे, समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर तो सम्राट मांडीवर घेऊन वाजवितो ती हीच, आणि नाट्यशास्त्रात वर्णिलेली सात तारांची चित्रा व नऊ तारांची विपंची याच जातीच्या होत. साची आणि भीमबेटका दोन्ही एकाच रायसेन जिल्ह्यात आहेत. शिल्पकाराचा व गुहेतील चित्रकाराचा संबंध वाटतो तितका दूरचा नव्हता.

या चित्रांच्या काळाविषयी गैरसमज फार आहेत. शैलाश्रयातील प्रत्येक चित्र अतिप्राचीन असते ही समजूत चुकीची आहे. एकाच भिंतीवर हजारो वर्षे निरनिराळ्या लोकांनी चित्रे काढली. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरविण्याची प्राथमिक कसोटी म्हणजे कोणता रंग कोणत्या रंगावर चढला आहे हे पाहणे. नृत्याच्या कित्येक रांगा मध्यपाषाणयुगीन थरातील आहेत. वीणावादकांची चित्रे मात्र वरच्या थरात, घोडेस्वार, ढाली आणि तलवारी यांच्या सोबतीने येतात. ती ऐतिहासिक काळातील होत. त्यांना प्रागैतिहासिक म्हणता येत नाही. गॉर्डन तर सर्वच भारतीय शैलचित्रे बरीच उशिराची मानीत. भीमबेटकाच्या उत्खननानंतर ते मत मागे पडले, परंतु वीणेच्या चित्रांपुरते ते बरोबर होते.

असे असले तरी पचमढीच्या चित्रांचे मोल कमी होत नाही. राजदरबारात आणि स्तूपांच्या शिल्पांत असलेले वाद्य अरण्यातील वस्तीतही वाजत होते, हे दाखविणारा तो पुरावा आहे. इ. स.च्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ही वीणा भारतीय शिल्पांतून दिसेनाशी होते आणि ती या देशातून संपली असेच दीर्घकाळ समजले जाई. १९८५ साली अमेरिकन संगीत-अभ्यासक रॉडरिक नाइट यांनी मंडला जिल्ह्यातील परधान गायकांच्या ‘बिनबाजा’ या वाद्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ते वाद्य धनुष्याकृती वीणाच होते. ग्रंथांनी आणि दरबारांनी सोडून दिलेले वाद्य गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानांनी हजार वर्षे जपले. पचमढीच्या भिंतीवरील रेषा कशा वाचाव्यात याची किल्ली अशा रीतीने पचमढीच्या पूर्वेस, त्याच प्रांतात, जिवंत माणसांच्या हाती होती.

मंदसौर जिल्ह्यातील भानपुऱ्याजवळील दरकी चट्टान या गुहेचा उल्लेखही येथे करावा लागेल. यशवंतराव होळकरांची छत्री ज्या भानपुऱ्यास आहे, तेच हे ठिकाण. या अरुंद गुहेच्या भिंतींवर वाटीसारखे पाचशेहून अधिक खळगे आहेत. दगड अत्यंत कठीण असल्यामुळे एक खळगा पाडण्यास हातातील दगडाने हजारो आघात करावे लागतात, हे डॉ. गिरिराज कुमार यांनी प्रत्यक्ष प्रयोगाने दाखविले आहे. एका अरुंद गुहेत सातत्याने पडणारे ते हजारो आघात लयबद्ध नसतील अशी कल्पनाही करवत नाही. पाथरवटाचा हातोडा किंवा उखळातले मुसळ आपोआप लय धरते. त्या लयीलाच संगीत म्हणावयाचे की काय, हा प्रश्न उरतो. भीमबेटकातील सर्वांत मोठ्या गुहेतही असे खळगे आहेत. तिला ‘ऑडिटोरियम’ असे नाव पडले आहे. ते तिच्या विस्तारामुळे पडलेले आधुनिक नाव असून प्राचीन गायनसभेचा तो पुरावा नव्हे.

कुपगलचे वाजते खडक

घन वाद्याचे या देशातील सर्वांत उल्लेखनीय प्रागैतिहासिक उदाहरण कर्नाटकातील बळ्ळारी शहरानजीक कुपगल येथे आहे. मराठी वाचकांस हा मुलूख अपरिचित नाही. घोरपड्यांचे संडूर संस्थान याच जिल्ह्यात होते. कुपगल आणि शेजारचे संगनकल्लू या गावांलगतच्या टेकड्यांवर नवाश्मयुगात, म्हणजे इ. स. पूर्व सुमारे ३००० ते १२०० या काळात, गुरे पाळणाऱ्या लोकांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्व विभागाची धुरा वाहणारे प्रा. बेंडापुडी सुब्बाराव यांचा या परिसरावरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला.

टेकडीतून काळ्या, जड अशा डोलेराइट दगडाचा एक पट्टा जातो आणि त्याचे प्रचंड गोटे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले आहेत. त्यांवर लांब शिंगांचे, वशिंडाचे बैल मोठ्या संख्येने कोरलेले असून माणसांच्या आकृतीही आहेत, कोठे एकट्या, कोठे हात धरून उभ्या राहिलेल्या रांगांत. फॉसेट यांनी १८९२ साली या कोरीव चित्रांचे वर्णन केले. वर उल्लेखिलेल्या गॉर्डन यांनीही त्यांवर लिहिले. २००४ साली निकोल बोइव्हिन यांनी या चित्रांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध करताना नादाकडे लक्ष वेधले. टेकडीवरील काही गोट्यांवर विशिष्ट जागी गुळगुळीत खळगे व खाचा आहेत. तेथे दुसऱ्या दगडाने आघात केला असता घंटेसारखा स्पष्ट आणि मोठा नाद निघतो. ही गोष्ट त्यांना दाखवून दिली ती स्थानिक माणसांनी. विद्वानांच्या शंभर वर्षांच्या टिपणांत बैलांची शिंगे मोजली गेली होती. खडक वाजतो हे गावाला ठाऊक होते.

दगड वाजतो का, याचे उत्तर शाळेच्या पदार्थविज्ञानात मिळते. आघातामुळे दगडात कंप निर्माण होतो. दगड सच्छिद्र किंवा भेगाळलेला असल्यास तो कंप लगेच आतच जिरतो. डोलेराइट बारीक कणांचा, घट्ट आणि एकजिनसी असल्यामुळे त्यात कंप टिकतो. बाजारात मडके घेताना बाई टिचकी मारून पाहते. पक्के मडके खणखणते, चिरलेले बद्द वाजते. न्याय तोच. दुसरी अट अशी की, त्या गोट्याला कंप पावण्यास मोकळीक हवी. जमिनीत अर्धा पुरलेला गोटा वाजत नाही. दोन-तीन बिंदूंवर टेकून बाकीचा अधांतरी राहिलेला गोटा वाजतो. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे प्राचीन कोरीव चित्रे आहेत, पण ती जांभ्या दगडावर आहेत आणि जांभा सच्छिद्र असतो. तेथे अशा नादाची अपेक्षा करता येत नाही.

कुपगलच्या टेकडीवर आणखी एक उद्योग चालत असे. याच डोलेराइटपासून तेथील लोक मोठ्या प्रमाणावर दगडी कुऱ्हाडी घडवीत. कुऱ्हाडीसाठी दगड निवडताना तो ठोकून, आवाजावरून निर्दोष आहे की नाही हे पाहणे कारागिराला भागच होते. दगडाचा नाद हा त्यांच्या रोजच्या व्यवहारातला होता. तो पुढे नाच, सण किंवा विधी यांत वापरला गेला असल्यास नवल नाही. खळगे वाजविण्यामुळेच पडले आहेत आणि ते नवाश्मयुगातीलच आहेत, हे प्रत्येक गोट्याबाबत सिद्ध करता येत नाही, कारण टेकडीवर चित्रे कोरण्याची प्रथा नंतरच्या काळातही चालू राहिली. तरीही कोरीव काम, नाचणाऱ्यांच्या रांगा आणि वाजणारा दगड एकाच जागी असणे ही कुपगलची विशेषता होय. ओडिशातील संकरजंग येथे काळ्या दगडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या लांबट पट्ट्या मिळाल्या असून त्या वाद्यातील स्वरपट्ट्या असाव्यात असे मत जर्मन संशोधकांनी १९८८ मध्ये मांडले. परंतु त्यांच्यासोबत चित्रे नाहीत.

जतनाचा प्रश्न

बोइव्हिन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हाच कुपगलच्या टेकडीचा काही भाग दगडाच्या खाणींनी तोडला होता. खाणवाल्याच्या दृष्टीने तो बांधकामाचा दगड. पुरातत्त्वज्ञाने छायाचित्र घेतले असल्यास फुटलेल्या खडकावरील बैल निदान कागदावर तरी राहतो. नादाची नोंद कोणी केलेली नसेल तर तो संपूर्ण जातो.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये केंद्र शासनाने संरक्षित घोषित केलेल्या स्थळाच्या सीमेपासून १०० मीटर क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. २०१० च्या दुरुस्तीने या तरतुदी अधिक कडक झाल्या. परंतु ज्या स्थळाची घोषणाच झालेली नाही त्याला हे छत्र मिळत नाही, आणि लहान शैलाश्रय बहुधा अशांपैकीच असतात. अशा जागांची पहिली वार्ता पुष्कळदा हौशी अभ्यासकांकडून किंवा गावकऱ्यांकडूनच येते. बैतूल जिल्ह्यातील धारूळ परिसरातील चित्रित शैलाश्रय २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमींना आढळले, हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. खडीच्या खाणीचा प्रस्ताव तहसील कार्यालयात येतो त्या वेळी टेकडीवर चित्रे, खळगे किंवा वाजणारे दगड आहेत काय, याची चौकशी गुराख्यांकडे व वृद्धांकडे करणे तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला सहज शक्य आहे. पंचनाम्यात आलेली एक ओळ पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पुरेशी ठरते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी नेल्यास काही पथ्ये पाळावी लागतील. चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर पाणी शिंपडू नये किंवा खडूने रेषा गिरवू नयेत. पाण्याबरोबर क्षार वर येऊन रंगावर पांढरी पापुद्री धरते. शैलाश्रयात चूल पेटवू नये. दगड वाजतो काय हे पाहण्यासाठी चित्रावर किंवा जुन्या खळग्यावर आघात करू नये; ज्या खळग्याचा गुळगुळीतपणा हाच पुरावा आहे तो नव्या घावांनी खरवडला जातो. गावकरी एखादा दगड वाजवून दाखवीत असल्यास तो आवाज भ्रमणध्वनीवर टिपून घ्यावा, आणि दगडाला गावात काय नाव आहे, तो कोणत्या सणाला वाजविला जाई, कोणी वाजवावयाचा आणि कोणी नाही, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.

वाजता खडक सुरक्षित राहावा म्हणून तो उचलून शाळेच्या किंवा संग्रहालयाच्या आवारात नेण्याची सूचना कधी कधी सद्हेतूने केली जाते. सिमेंटच्या चौथऱ्यावर बसविलेला गोटा वाजत नाही, कारण त्याचा सबंध तळ जखडला जातो. टेकडीवर तो ज्या दोन-तीन दगडांवर टेकलेला असतो तेही त्या वाद्याचेच भाग होत. म्हणून नोंद करताना गोट्याची लांबी-रुंदी लिहून न थांबता तो कोणकोणत्या दगडांवर, किती ठिकाणी टेकला आहे आणि त्याखाली किती पोकळी आहे, याची आकृती काढून ठेवावी.